घर घेता-विकताना वकील कसा निवडावा: इसार देण्याआधीचं काम

पुण्यात ८० लाखांचा जुना फ्लॅट घेतला, तर मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार रुपये लागतात. नोंदणी फीचे ३० हजार वेगळे. खरेदी बाईच्या नावावर असेल तर शुल्कात १ टक्का सूट मिळते. दलाल आपला टक्का घेतो, बँक प्रोसेसिंग फी घेते. या सगळ्या खर्चांत घासाघीस होते ती नेमकी वकिलाच्या फीवर, आणि बरेचदा वकीलच लावला जात नाही. कारण ठरलेलं असतं: "बँक कर्ज देतेय, म्हणजे कागद चोख असणार" किंवा "एजंट सगळं करून देतो."

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आधी त्या का चुकतात ते पाहू.

हा वकील कोणाचा?

जुन्या फ्लॅटच्या व्यवहाराभोवती दोन-तीन वकील घुटमळत असतात. त्यातला तुमचा बहुधा एकही नसतो.

बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाची फी तुमच्याकडून घेतली जाते, पण त्याचा अहवाल बँकेच्या नावाने असतो. हप्ते थकले तर हे घर विकून पैसे वसूल होतील का, एवढंच त्याला सांगायचं असतं. ताबा कधी मिळणार, पार्किंग करारात आहे का, विकणाऱ्याने सोसायटीची थकबाकी ठेवलीय का, व्यवहार फिसकटला तर तुमचे पैसे कसे परत येणार, या गोष्टी त्याच्या कामात मोडत नाहीत. पुष्कळदा त्या अहवालाची प्रतही तुमच्या हाती पडत नाही.

नव्या प्रकल्पात महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर जमिनीच्या मालकीहक्काचा अहवाल असतो. तो जरूर वाचा, पण तो बिल्डरच्या वकिलाने लिहिलेला असतो, हे विसरू नका. एजंटच्या ओळखीचा वकील आणखी अवघड जागी बसलेला असतो. सौदा झाला तरच एजंटला पैसे मिळतात, आणि त्या वकिलाला पुढचं काम एजंटकडूनच मिळायचं असतं. निबंधक कार्यालयाबाहेर दस्त तयार करून देणारे लोक डेटा एंट्री, चलन, वेळेचं टोकन ही कामं झटपट करतात आणि ती त्यांनी करावीतही. पण दस्त टाइप करणं म्हणजे हक्क तपासणं नव्हे.

तालुक्याच्या ठिकाणी घेणाऱ्या-विकणाऱ्याचा एकच वकील असण्याची रीत आहे. कागद सरळ असतील तोवर ते चालून जातं. पण जुन्या गहाणखताचा बोजा किंवा एखाद्या बहिणीची राहिलेली सही निघाली, की एकाला ती सांगायची असते आणि दुसऱ्याला झाकायची. मधला वकील कुणाचं ऐकणार? म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा: "समोरच्या पार्टीचं, एजंटचं किंवा या बिल्डरचं काम तुम्ही करता का?" उत्तर हो असेल तर माणूस कितीही भला असला तरी नमस्कार करून बाहेर पडा.

'स्थानिक' कशाला हवा?

कायदा राज्यभर एकच असला तरी जमिनीचा इतिहास गावागणिक बदलतो. वकील जवळचा हवा तो या इतिहासासाठी. ऑफिस घराजवळ असण्याची सोय त्यापुढे किरकोळ आहे.

मुंबईत पागडीची इमारत, उपकरप्राप्त (सेस भरणारी जुनी) इमारत, म्हाडाची वसाहत आणि कलेक्टरच्या जमिनीवरची सोसायटी या चार वेगळ्या दुनिया आहेत. सरकारी जमिनीवरच्या सोसायटीत हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न घेता झालेली खरेदी पुढच्या विक्रीच्या वेळी घशात अडकते. नवी मुंबईत जमीन सिडको या सरकारी महामंडळाने भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क हिशेबात धरावं लागतं. नागपुरात नझूलची (शहरातली सरकारी) जमीन आणि सुधार प्रन्यासचे भाडेपट्टे आहेत. पुण्याच्या आसपास वतनाच्या, इनामाच्या (जुन्या राजवटींत बक्षीस किंवा सेवेबद्दल दिलेल्या) आणि गुंठेवारीतल्या (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या) जमिनी भेटतात. गुंठेवारीत नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर घर 'विकलं' जातं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि अशा कागदाने मालकी येत नाही. कोकणात एकाच सातबाऱ्यावर दोन-तीन पिढ्यांचे सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत आणि दोघं-तिघं परदेशात. तिथे प्रत्यक्ष वहिवाट कुणाची आहे हे गावातल्या वकिलालाच कळतं.

गोव्यात तर पायाच निराळा. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात. नावावर एकटा नवरा असला तरी खरेदीखतावर बायकोची सही लागते, उलटंही तसंच. सातबाऱ्याच्या जागी तिथे एक-चौदाचा उतारा असतो. पुण्या-मुंबईचा वकील गोव्यातल्या घरासाठी नेला तर नेमकी ही सही राहून जाते.

थोडक्यात, 'स्थानिक' वकील तोच, ज्याच्या पायाखालून मालमत्तेच्या हद्दीतलं दुय्यम निबंधक कार्यालय, नगर भूमापन कार्यालय आणि तलाठी चावडी गेलेली आहे. तुम्ही ठाण्यात राहता आणि घर साताऱ्यात घेताय, तर वकील साताऱ्याचा हवा.

नावं कुठून मिळवायची, पडताळायची कशी

बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच देता येतं. त्यामुळे "१०० टक्के क्लिअर टायटलची हमी" अशी झळकणारी पोस्ट दिसली, तर नियम न पाळणारा माणूस समोर आहे हे आधीच कळलं.

ज्या सोसायटीत घर घेताय तिच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना विचारा. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या खरेद्यांत कोणाचे कागद नीट आले आणि कोणासाठी चार चकरा माराव्या लागल्या, हे त्यांना पाठ असतं. कर सल्लागाराला विचारा. घरच्या भांडणाचे किंवा फौजदारी खटले लढणारा ओळखीचा नामांकित वकील असेल तर त्याच्याकडून नाव घ्या, काम देऊ नका. कोर्टातलं वक्तृत्व आणि सूची क्रमांक २ च्या (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी सारांश) फायली चाळणं ही दोन वेगळी कसबं आहेत. मुंबईत 'सॉलिसिटर' ही पाटी अजून दिसते. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा दिलेले हे लोक दस्त आणि हक्क-तपासणीत मुरलेले असतात. त्यांची फी मात्र साध्या फ्लॅटला झेपेलच असं नाही. विकसन करार, मोठा भूखंड किंवा वारसांत फुटलेला बंगला असेल तर तो खर्च सार्थकी लागतो.

नाव ठरलं की सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक मागा आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे पडताळा. यात संकोच नको, आणि त्याचं कारणही आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात दाद मागता येत नाही. चूक झाली तर बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार किंवा दिवाणी दावा, हेच मार्ग उरतात, आणि दोन्ही लांबचे आहेत. तेव्हा पारख करायची ती आधीच.

पहिली भेट

मोकळ्या हाताने जाऊ नका. विकणाऱ्याचा करार आणि त्याची सूची क्रमांक २, भाग प्रमाणपत्र (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट), मालमत्ता कराची पावती, भोगवटा पत्र (ओसी), जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) यांतलं जे मिळेल त्याच्या प्रती न्या. चांगला वकील बोलता बोलता कागद उलटतो आणि पाच मिनिटांत काय कमी आहे ते सांगतो. "सगळं होऊन जाईल, काळजी करू नका" एवढंच ऐकू आलं, तर काळजी करा.

मग कामाचे प्रश्न. शोध कोण घेणार: स्वतः, कारकून, की बाहेरचा सर्च घेणारा? बाहेरचा असायला हरकत नाही, ती रीतच आहे. पण सापडलेल्या नोंदींचा अर्थ वकिलाने स्वतः लावून खाली सही केली पाहिजे. शोध किती वर्षांचा? ३० वर्षांहून कमी ऐकू नका. त्यामागे मुदतीचा कायदा आहे: सरकारला दावा करायला ३० वर्षं मिळतात, गहाण सोडवून घ्यायलाही ३० वर्षं.

शोध नुसता ऑनलाइन घेणार का, हेही विचारा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मुंबईच्या नोंदी १९८५ पासून आणि उरलेल्या महाराष्ट्राच्या २००२ पासून मिळतात. त्याआधीच्या वर्षांसाठी कार्यालयात फी भरून सूचीची पुस्तकं चाळावी लागतात. शहराच्या हद्दीत अनेक दुय्यम निबंधक असतात आणि पक्षकारांना त्यांतल्या कुठल्याही कार्यालयात दस्त नोंदवता येतो. पुण्याच्या हवेली तालुक्यातल्या एकाच कार्यालयात पाहून "काही निघालं नाही" म्हणणारा शोध अर्धाच असतो.

शोध अहवाल हातात आल्यावर

वकिलाची खरी परीक्षा इथे होते. अहवाल तुम्हालाही वाचता येतो, फक्त शेवटच्या पानावरचं "हक्क निर्वेध व विक्रीयोग्य" एवढंच वाक्य वाचून थांबू नका.

सुरुवातीला मालमत्तेचं वर्णन असतं. सर्व्हे किंवा गट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा हे कराराशी अक्षरशः जुळवा. जुना सर्व्हे क्रमांक आणि नंतरचा सिटी सर्व्हे क्रमांक या दोन्हींवर शोध घेतलाय का ते पाहा. एकाच क्रमांकावर शोध घेतला तर दुसऱ्यावर नोंदलेलं गहाण निसटतं.

पुढे हक्काची साखळी. जमीनमालक, विकसक, पहिला घेणारा, दुसरा घेणारा, तुमचा विकणारा. प्रत्येक कडीला दस्त क्रमांक आणि तारीख हवी. मधली कडी नुसत्या मुखत्यारपत्राची असेल तर थांबा. मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जुडीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलंय. जुन्या कराराचं मुद्रांकही बघा. १० डिसेंबर १९८५ आधीचे फ्लॅटचे करार पाच रुपयांच्या कागदावर सापडतात आणि त्या काळासाठी ते ठीक आहे. त्यानंतरचा करार तसाच कमी मुद्रांकावर असेल, तर तूट आणि दरमहा २ टक्क्यांनी वाढणारा दंड आज ना उद्या कुणाला तरी भरावा लागतो. तो कोणी भरायचा, हे इसाराआधी ठरवा.

साखळीत मृत्यू आला की खोल खणावं लागतं. सोसायटीत नामनिर्देशन आहे म्हणून मुलाच्या नावे भाग प्रमाणपत्र झालं, आणि तो आता फ्लॅट विकतोय, असं फार दिसतं. नामनिर्देशित व्यक्ती मालक नसते, वारसांच्या वतीने सांभाळणारी असते. बाकी वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवंच. वडिलोपार्जित घर असेल तर मुलींची नावं मोजा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेतली हिस्सेदार) झाली, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं. "बहिणींनी कधीच काही मागितलं नाही" हे कागदावर सहीशिवाय आलं तर त्याला किंमत शून्य. अहवालात वंशावळ नसेल तर अहवाल परत करा.

सातबारा असेल तर भोगवटादार वर्ग आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय विक्री नाही. कुळकायद्याच्या कलम ४३ ची नोंदही तोच इशारा देते. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं मात्र नाही, ती महसुलाची नोंद आहे. फेरफार (महसूल नोंदीतला नावबदल) कशाच्या आधारे झाला ते वकिलाने पाहिलं पाहिजे.

बोज्यांसाठी सूचीखेरीज सरसाईची (CERSAI, बँकांच्या गहाणांची केंद्रीय नोंदवही) नोंद बघावी लागते. मूळ कागद बँकेकडे ठेवून घेतलेलं कर्ज साध्या सूचीत दिसेलच असं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे दाखल करावी लागते, त्याआधीच्या कर्जांचं काय? म्हणून मूळ करार आणि भाग प्रमाणपत्र प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणं वकिलाच्या कामात आलं. "मूळ कागद गावी आहेत" हे उत्तर बहुतेक वेळा कर्जाकडे बोट दाखवतं. खरंच हरवले असतील तर पोलिसांकडची नोंद, जाहीर नोटीस आणि प्रमाणित प्रती या तिन्ही गोष्टी लागतात.

शेवटी अपवादांचा परिच्छेद. "अमुक ते अमुक सालची सूचीची पानं फाटलेली असल्याने पाहता आली नाहीत" असं वाक्य बहुतेक अहवालांत असतं आणि ते प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. प्रश्न पुढचा: ती पोकळी वकिलाने कशाने भरली? फेरफाराच्या नोंदी, मालमत्ता पत्रक आणि वृत्तपत्रातली जाहीर नोटीस ही त्याची साधनं. नोटीस भागात खपणाऱ्या एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात द्यावी. हरकतीला १४-१५ दिवस ठेवावेत आणि ते संपेपर्यंत मोठी रक्कम देऊ नये. नोटीस वकिलाच्या नावाने जाते, हरकतीही त्याच्याकडेच येतात. विकणारा नोटिशीला नको म्हणत असेल तर ते का, हे खोदून विचारा.

सोसायटीच्या फ्लॅटला आणखी एक पदर आहे: जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी लेखी सोपवणं) सोसायटीच्या नावे झालंय का? नसेल तर इमारत तुमची आणि जमीन अजून जुन्या मालकाची किंवा बिल्डरची. असे लाखमोलाचे फ्लॅट रोज विकले जातात, म्हणून केवळ त्यावरून सौदा मोडायची गरज नाही. पण पुनर्विकासाच्या वेळी हेच दुखणं वर येतं. सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नसेल तर सरकारकडून मिळणाऱ्या हस्तांतरणाचा) अर्ज केलाय का, हे वकिलाने अहवालात लिहावं.

करार

अहवाल चांगला आला की मसुदा. समोरच्याच्या वकिलाने पाठवलेला मसुदा तुमच्या वकिलाने नुसता "ठीक आहे" म्हणून परत केला, तर फी फुकट गेली. हप्त्यांच्या तारखा, ताबा, कर्ज नामंजूर झालं तर इसार परत मिळण्याची अट, थकबाकीची जबाबदारी, सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) कोणी भरायचं, हे सगळं नावानिशी यायला हवं. महापालिका हद्दीत अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. त्यावर 'देणगी' मागणाऱ्या कमिटीशी बोलायलाही वकील कामी येतो. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणाला सोसायटीची ना-हरकत सक्तीची नाही, पण बँक ती मागते, म्हणून लवकर अर्ज टाकावा.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा आयकर) कापून भरायचा असतो. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा साधा नियम लागू होत नाही, कपात बरीच मोठी असते, आणि ती चुकली तर वसुली घेणाऱ्याकडून होते. अशा व्यवहारात कर सल्लागार पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा. परदेशातून आलेल्या मुखत्यारपत्रावर ते राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक भरावं लागतं. वकिलाने ही तारीख स्वतःहून विचारली पाहिजे.

विकणाऱ्यालाही स्वतःचा वकील लागतो, हे सहसा कुणी बोलत नाही. पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय ताबा जाऊ नये, धनादेश वटला नाही तर करार आपोआप रद्द होण्याची अट असावी, आणि तुमचं गृहकर्ज घेणाऱ्याच्या पैशातून फिटणार असेल तर त्या रकमेचा धनाकर्ष (डीडी) थेट तुमच्या बँकेच्या नावे निघावा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचं बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून घातलंय. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. करारातली तारीख ठरवताना हे ३० दिवस धरा.

फी

एकरकमी आकडा ऐकून मान हलवू नका. शोध आणि अहवाल, जाहीर नोटीस (वृत्तपत्राचा खर्च वेगळा), मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी, नंतरची सोसायटीतली आणि भूमी अभिलेखातली कामं, असे पाच तुकडे करून व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. किमतीच्या टक्केवारीत फी सांगणारे असतात, पण साध्या फ्लॅटला ठरावीक रक्कम बरी. सौदा झाला तरच पूर्ण फी, असं कधी ठरवू नका. मग "हे घर घेऊ नका" असं सांगण्यात त्याचंच नुकसान होतं. शोधाचे पैसे व्यवहार फिसकटला तरी द्यायचे, तो पैसा वाया गेलेला नसतो.

नोंदणी आणि त्यानंतर

दस्तावर सही झाल्यापासून नोंदणीसाठी चार महिने मिळतात, पुढचे चार महिने दंडासह, आणि तो दंड नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. मुद्रांक करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यांतली जी जास्त तिच्यावर लागतं. एप्रिलमध्ये दर बदलण्याचा संभव असल्याने मार्चअखेर कार्यालयात झुंबड उडते. वकिलाने आदल्या दिवशी डेटा एंट्रीतली नावं, आधार-पॅन आणि क्षेत्र तुमच्याकडून वाचून घ्यावं. सूची क्रमांक २ मध्ये क्षेत्र किंवा नाव चुकलं तर चूक दुरुस्ती दस्तासाठी सगळ्यांना पुन्हा हजर राहावं लागतं, आणि तोवर विकणारा पुण्याहून बंगळुरूला गेलेला असतो.

फीचा शेवटचा हप्ता नोंदणीच्या दिवशी देऊन टाकू नका. नोंदणीकृत मूळ दस्त, सूची क्रमांक २, चलनाच्या पावत्या, शोध अहवाल, नोटिशीची कात्रणं आणि साखळीतले सगळे मूळ करार यादीसह सही करून ताब्यात घ्या. भाग प्रमाणपत्राच्या मागे तुमचं नाव चढलेलं पाहा. बंगला किंवा प्लॉट असेल तर मालमत्ता पत्रकावरच्या फेरफाराचा अर्ज क्रमांक घ्या. विकणाऱ्याचं कर्ज होतं तर सरसाईतला बोजा उतरल्याची नोंदही मागा. मालमत्ता कर आणि वीज मीटरवरचं नाव तुम्ही स्वतः बदलून घेऊ शकता, त्यासाठी वकिलाला पैसे मोजायची गरज नाही.